डावा कोपरा

३१ ऑक्टोबर २०२५. प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामाची फायनल, दिल्लीच्या त्यागराज स्टेडियमवर. एका बाजूला दबंग दिल्ली, दुसऱ्या बाजूला आपली पुणेरी पलटण. मंचरजवळच्या एका टपरीवर आम्ही पंधरा-वीस जण छोट्याशा टीव्हीपुढं दाटीवाटीनं उभे होतो. बिबट्याच्या धाकानं आमच्याकडं दिवेलागणीनंतर मळ्यातली माणसं बाहेर रेंगाळत नाहीत. त्या रात्री मात्र कोणाचा पाय निघत नव्हता. पलटणचा आदित्य शिंदे चढाईला निघाला की टपरीवाला गॅस बारीक करून आमच्यात येऊन उभा राहायचा. आणि अगदी शेवटाला, सामना आता हाताशी आला असं वाटत असताना, दिल्लीच्या फजल अत्राचलीनं पकड केली. ३१-२८. संपलं.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मागून एक जण हळूच म्हणाला, "हा आपलाच होता की रं."

होता. २०२२ च्या लिलावात पलटणनं त्याला १ कोटी ३८ लाखांना घेतलं होतं. इराणचा गडी, डाव्या कोपऱ्यातला. २०१८ मध्ये जकार्ताच्या एशियाडमध्ये इराणनं उपांत्य फेरीत भारताला हरवलं आणि पुढं सुवर्णपदक नेलं, त्या संघाचा कर्णधार. त्याच्याच कर्णधारपदाखाली पलटण पहिल्यांदा फायनलला पोचली, आणि १७ डिसेंबर २०२२ ला वरळीत जयपूरकडून ३३-२९ अशी हरली. त्या रात्रीही आम्ही याच टपरीवर होतो. काय काय बोललो ते मला लख्ख आठवतंय. म्हातारा झाला. गुडघे गेले त्याचे. आधीच झेपावतो, थांबतच नाही. एवढ्या पैशात चार पोरं आली असती. यातलं एखादं वाक्य माझंही होतं, आणि मी स्वतः दहा-बारा वर्षं डाव्या कोपऱ्यात खेळलेला माणूस आहे. म्हणून हा लेख लिहायला बसलोय.

त्या फायनलला अस्लम इनामदार दुखापतीमुळं बाहेर होता, हे त्या रात्री आमच्यातल्या एकानंही काढलं नाही. गुण आणणारा मुख्य चढाईपटूच नाही म्हटल्यावर कोपऱ्यावर काय येऊन पडतं, याचा हिशेब करायला कोणाला सवड नव्हती.

कोपऱ्याचं काम लांबून फार सोपं दिसतं. चढाईपटूचा पाय आत आला, घोटा धरला, ओढला. प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदानरेषा. ती ओलांडल्याशिवाय चढाईपटूची चढाई धरली जात नाही. तिच्या पलीकडं एक मीटरवर बोनस रेषा. बोनस हवा असेल तर त्याला एक पाय त्या रेषेपलीकडं टेकवून दुसरा हवेत ठेवावा लागतो. तेवढाच क्षण कोपऱ्याचा. डोळ्यांनी बघून हात घालीन म्हणाल तर पाय गेलेला असतो. चढाईपटूच्या कमरेवरून आधीच ओळखावं लागतं. घोट्यावर हात पडला की कोपरा मातीत आडवा असतो, त्याला पुढचं काही दिसत नाही. बोटांना फक्त समजतं की धरलेलं हाड मध्यरेषेकडं ओढ घेतंय. सत्तर-ऐंशी किलोचा माणूस झेपावत असताना एकट्याच्या बोटांनी तो थांबत नाही. मधून कव्हर यायला हवा, छातीला छाती लावून वाट अडवायला. तो अर्धं पाऊल उशिरा आला तर घोटा सुटतो, कोपरा बाद होतो आणि समोरच्याला गुण जातो.

बघणाऱ्याला काय दिसतं? कोपऱ्याच्या हातातून पाय निसटला. कव्हर कुठं होता हे बघायला कोणाची मान वळत नाही.

आणखी एक गोष्ट. तिकडं आपले चढाईपटू एकेक करून बाद होऊन बसले की इकडं मैदानात तिघं उरतात. तिघांत पकड झाली तर अव्वल पकड, दोन गुण. मग रेषेबाहेरून ओरडा सुरू होतो, "घे, घे, घे!" तो घेतो. चढाईपटू तर त्याचीच वाट बघत असतो. आणि रात्री टपरीवर आम्ही म्हणतो, पोरगं घाई करतंय. ती घाई कोणी करायला लावली?

फजलला सोडल्यावर पुढच्या लिलावात पलटणनं इराणचाच मोहम्मदरेझा शाडलू घेतला, २ कोटी ३५ लाखांना. त्या दहाव्या हंगामात त्यानं पकडीचे ९९ गुण मिळवले, आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणाला २८-२५ असं हरवून पलटण पहिल्यांदा विजेती झाली. टपरीवर आम्ही छाती काढून सांगत होतो, बघा, म्हातारा काढला आणि करंडक आला. त्या संघात उजव्या कोपऱ्यात गौरव खत्री होता, कव्हरला अबिनेश नादराजन होता, चढाईला अस्लम परतला होता, पंकज मोहिते होता. शाडलूच्या हातातून घोटा निसटायच्या आत कोणीतरी तिथं पोचलेलं असायचं. पुढच्या हंगामात तो हरियाणाकडं गेला आणि हरियाणा जिंकली, तीही आपल्या बालेवाडीत. त्याच्या पुढच्या वर्षी गुजरातनं त्याच्यासाठी २ कोटी २३ लाख मोजले आणि गुजरात बाद फेरीपर्यंतसुद्धा पोचली नाही. हात तेच, घोटा धरायची तऱ्हा तीच. दोन वर्षांत माणूस खेळ विसरला असं मला कोणी पटवून द्यावं.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. मी फोनवर हे सगळं तावातावानं सांगत होतो, तर तो म्हणाला, मामा, इथंही हेच चाललेलं असतं. तिकडच्या फुटबॉलमध्ये, चेंडू हातात घेऊन पळतात त्या खेळात, लाइनबॅकर नावाची एक जागा असते. पुढं दांडगी माणसं एकमेकांना भिडलेली, आणि त्यांच्या मागं हा उभा. चेंडूवाला फळी फोडून आला की यानं त्याला आडवा करायचा. पुढच्यांनी फट पडू दिली की हा मोकळ्यात एकटा सापडतो, हुकतो, आणि हुकलेला तोच सगळ्या स्टेडियमला दिसतो. भाचा ज्या संघाचा आहे त्यांच्या अशाच एका खेळाडूवरून त्याच्या ऑफिसात आठवडाभर भांडणं चालली होती म्हणे. त्यानं नाव सांगितलं, माझ्या लक्षात राहिलं नाही. पण त्याची जागा मला पहिल्या दमात कळली.

आता आमच्या गावचं सांगतो, खरं तर तेच सांगायचं आहे.

आमच्या संघात डाव्या कोपऱ्यात एक पोरगं आहे. नाव लिहीत नाही. पहाटे नारायणगावच्या टोमॅटो मार्केटला गाडीत क्रेट चढवतं, दुपारी घरच्या तोडणीला जातं, संध्याकाळी सरावाला येतं. टोमॅटोच्या झाडात वावरणाऱ्यांच्या बोटांवर हिरवट काळा थर बसतो, साबणानंही लवकर जात नाही, तो याच्या दोन्ही हातांवर कायम असतो. गेल्या चैत्रात जत्रांच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि याच्या पकडी सुटायला लागल्या. पहिल्या सामन्यात तीन, दुसऱ्यात चार. मैदानाकडेच्या मांडवात जाणती माणसं बसलेली असतात. ती मोठ्यानं बोलायला लागली. बसव त्याला बाकावर. हातात दम नाही. नुसता घरचं खातो. त्याचे वडील त्याच मांडवात मागच्या खुर्चीवर होते.

दुसऱ्या सामन्यानंतर मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. उजव्या हाताचं मधलं बोट सुजून निळं पडलं होतं. शेजारच्या बोटाला चिकटपट्टीनं बांधून तो खेळत होता आणि हे त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं. मी विचारलं, का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "सांगितलं असतं तर म्हणले असते कारणं सांगतोय." मग खाली बघत जमिनीवरची फक्की बोटानं पुसत म्हणाला, "मामा, सगळी माझ्याच बाजूला का येत्यात?"

त्याच्याकडं उत्तर नव्हतं, माझ्याकडं होतं. मी समोरच्या संघाचे चढाईपटू बघत बसलो होतो. पहिल्या दहा मिनिटांत ते दोन्हीकडं हिंडत होते. मांडवातून ओरडा सुरू झाला, "डावा कोपरा कच्चा हाय, बसवा त्याला," आणि पुढच्या चढाईपासून प्रत्येक जण त्या बाजूला वळला. त्यांना काही शोधावं लागलं नाही. आमच्याच माणसांनी बोट दाखवून सांगितलं होतं.

मी मांडवात जाऊन हे बोललो. एका वडीलधाऱ्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आम्ही पोराच्या भल्यासाठीच बोलतोय." त्यांचा त्या पोरावर जीव आहे, हे मला माहीत आहे, त्याच्या पहिल्या बुटांचे पैसे त्यांनीच दिले होते. जीव असलेल्या माणसांचंच बोलणं पोरं घरी घेऊन जातात. बाहेरगावच्या कोणी शिवी दिली तर ती मैदानातच राहते.

शेजारचा कव्हरही पोरगंच आहे, चांगलं आहे. पण डाव्या कोपऱ्यावर शिव्या बसायला लागल्यापासून तोही बिचकला. कोपरा झेपावला की हा आधी मांडवाकडं बघायचा आणि मग पाऊल टाकायचा. दोघांचा हात हातात असायचा, साखळी दिसायला धड होती, पण ओढ एका वेळी लागत नव्हती.

तिसरा सामना मी रेषेला लागूनच बसून पाहिला. पोरगं नेहमीच्या जागेवर उभंच राहिलं नाही. फूटभर मागं, अंतिम रेषेला टाच लागेल इतकं. चढाईपटू आला की ते आणखी आखडायचं, हात पुढं करायचं आणि आवरून घ्यायचं. बोनसला पाय पडत होता, याच्या पंजापासून वीतभर अंतरावर, आणि हे तो पाय नुसतं बघत होतं. सामनाभर त्यानं एकदाही झेप घेतली नाही. समोरच्यांनी त्या बाजूनं बोनसवर बोनस नेले, आमच्यावर दोन लोण चढले आणि आम्ही आधीच्या दोन्ही सामन्यांपेक्षा मोठ्या फरकानं हरलो.

गुणलेखकाच्या तक्त्यात त्याच्या नावापुढं असफल पकड शून्य होती.

मांडवातून उठता उठता एक जण त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "आज बरा खेळलास, एक चूक नाही." पोरगं खाली बसून सुजलेल्या बोटाची चिकटपट्टी दातानं सोडवत होतं. त्यानं मान वर केली नाही.