आज मुक्काम!

बालमित्रांनो, वही-पेन्सिल घ्या जवळ. आज सुरुवात गणितानं करू या.

१५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून जगाच्या फेरीला निघाले. सगळे व्यायामाचे शौकीन, वेटलिफ्टिंग क्लबातले. त्यांपैकी तिघांची फेरी पूर्ण झाली नाही. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे मात्र जग पालथं घालून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईत परतले. सायकलीवर कापलेलं अंतर होतं सुमारे ७१ हजार किलोमीटर!

आता दिवस मोजा. १९२४ आणि १९२८ ही लीप वर्षं, हे विसरू नका हं! उत्तर येतं १६१६ दिवस. ७१ हजाराला १६१६ नं भागलं, की दिवसाला पडतात जेमतेम ४४ किलोमीटर.

हे गणित मी वर्गात घातलं, तेव्हा मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "बाई, एवढं तर आमचा दादा एका सकाळीत मारतो!"

खरं आहे. धडधाकट माणूस चांगल्या रस्त्यावर दिवसात शंभर किलोमीटरसुद्धा जाऊ शकतो. मग हे पहिलवान मागे कसे पडले? तर मागे पडलेच नाहीत. ४४ ही सरासरी आहे. त्यात पळालेले दिवस आहेत तसे थांबलेलेही आहेत. समुद्र काही सायकलवरून ओलांडता येत नाही, तिथं बोटच लागते. शिवाय लांबच्या प्रवासात शरीर थकतं, सायकल बिघडते, हवा फिरते. अशा दिवशी "आज मुक्काम" म्हणावंच लागतं.

असा मुक्काम आमच्या सुरगाण्यात पावसाळ्यात हमखास घडतो. समजा, तुम्ही नाशिकहून सायकलनं दिंडोरी, वणी, बोरगाव करत इकडे आलात. सकाळी उठून पाहता तर काय, डोंगर ढगात गडप आणि कौलांवर धो धो पाऊस! अरबी समुद्रावरून आलेले ओले वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि आमच्या डोक्यावर रिकामे होतात. आता दिवसभर करायचं काय? कामं भरपूर आहेत. बघा हं.

पहिलं काम शरीराचं. ते तुम्ही न सांगता करतं. पायडल मारताना स्नायू त्यांच्यात साठवलेली साखर जाळतात. तो साठा पुन्हा भरायला पोटभर जेवण आणि साधारण एक दिवस लागतो. स्नायूंना झालेल्या बारीक इजाही विश्रांतीत, विशेषतः झोपेत, भरून निघतात. म्हणून नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी दाबून खा आणि खुशाल ताणून द्या. आपल्या नाशिकचे महेंद्र आणि हितेंद्र महाजन हे डॉक्टर भाऊ २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतच्या शर्यतीत उतरले. सुमारे ४८०० किलोमीटर त्यांनी नऊ दिवसांच्या आत पार केले. पण कसे? आळीपाळीनं! एक भाऊ सायकलीवर, तेव्हा दुसरा विश्रांतीला. इतक्या घाईच्या शर्यतीतही विश्रांती वगळता आली नाही.

दुसरं काम सायकलचं. पावसानं चेनवरचं तेल धुऊन जातं आणि गंज धरतो. चेन कोरड्या फडक्यानं पुसा, कडीकडीवर तेलाचा एकेक थेंब सोडा, वर आलेलं तेल पुसून घ्या. टायर फिरवून रुतलेले काचेचे तुकडे काढा. ओली काच रबरात लवकर घुसते, म्हणून पावसाळ्यात पंक्चर जास्त. आणि ओल्या ट्यूबवर ठिगळ चिकटत नाही, म्हणून ते काम आडोशाला, कोरड्यात करायचं. ब्रेकचे रबर झिजलेत का, तेही पाहा. रिम ओली असली की ब्रेक उशिरा लागतो, तेव्हा तो नेहमीपेक्षा आधीच दाबायची सवय ठेवा. भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. कागद पाणी शोषून घेतो.

तिसरं काम डोळ्यांचं. ओसरीत बसून समोरचं पाणी कुठं निघालंय ते शोधा. आमच्या तालुक्यात नार आणि पार या नद्या उगम पावतात. त्या पश्चिमेला उतरतात, नार पारला मिळते आणि पार गुजरातेतून अरबी समुद्र गाठते. गिरणाही इथल्याच डोंगरात, हातगडाच्या दक्षिणेला उगवते, पण तोंड करते पूर्वेला! कळवण, मालेगाव, मग जळगाव जिल्हा असा वळसा घेत ती तापीला मिळते. तापी जाते सुरतेला, म्हणजे पुन्हा अरबी समुद्रालाच. एक थेंब जवळच्या वाटेनं, दुसरा लांबच्या, पण पोहोचतात दोन्ही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सायकलप्रवास काही फक्त जगाच्या फेरीचाच नसतो. आमच्या भागातल्या कितीतरी मुली रोज सायकलनं शाळेत येतात. वाटेत ओहोळ, त्यावर फरशी. पावसाचा जोर वाढला की फरशीवरून पाणी वाहू लागतं. तेव्हा वाटतं, घोट्याएवढंच तर आहे, जाऊ पटकन. मुलांनो, इथं फसू नका. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा धक्का दुप्पट नाही, चौपट होतो! वीतभरापेक्षा कमी खोल पाणीही जोरात वाहत असेल, तर मोठ्या माणसाला पाडू शकतं. सायकल हातात असली तर चाकांवर, चेनकव्हरवर आणखी धक्का बसतो. शिवाय गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की वाहून गेलीय, हे वरून कळत नाही. तेव्हा नियम एकच, पाणी फरशीवर आलं की आज मुक्काम. मागे फिरा, जवळच्या घरी थांबा, निरोप पाठवा.

आणि हे पालकांसाठी. पुरामुळे मूल घरी राहिलं तर "एवढ्याशा पावसाला घाबरलास?" असं म्हणू नका. वर्षभर पूर्ण हजेरीचं बक्षीस पुष्कळ शाळांत असतं. त्या बक्षिसापायी एखादं पोर पाण्यात पाय घालायला तयार होतं. म्हणून माझ्या वर्गात पुरानं अडलेल्या दिवसाची गैरहजेरी बक्षिसाच्या हिशेबात धरत नाही. बुडालेला धडा दुसऱ्या दिवशी पुन्हा घेता येतो.

तर या आठवड्याचा उपक्रम. सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा एक डबा उघड्यावर ठेवा. रोज ठरलेल्या वेळी आतल्या पाण्याची उंची पट्टीनं मिलिमीटरमध्ये मोजून वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. शेजारी आणखी एक रकाना आखा, "फरशीवर पाणी होतं का?" हे पाहायला ओहोळाशी जाऊ नका बरं का, मोठ्यांना विचारा. महिनाभरात तुम्हालाच कळेल, किती पाऊस झाला की तुमच्या वाटेवर मुक्काम करावा लागतो.