कॉफीच्या बियांचा सुगंध टिकावा म्हणून

बाबा बुदन यांनी १७ व्या शतकात येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असे सांगतात. तिकडची भाजलेली कॉफी आता आपल्या स्वयंपाकघरातही आली आहे. पण ती नीट ठेवली नाही, तर सुगंध उडतो आणि महागाची वस्तू वाया जाते.

हवा, ओल, उष्णता आणि उजेड हे भाजलेल्या बियांचे चार शत्रू. म्हणून शेगडीजवळचा कप्पा नको, उघड्यावरची काचेची बरणीही नको. घट्ट झाकणाचा, कोरडा स्टीलचा डबा बंद कपाटात ठेवावा. डब्याला मसाल्याचा वास नसावा. कॉफी तो लगेच ओढून घेते. ओला चमचा तर कधीच घालू नये.

अनेक घरांत पाकीट फ्रीजमध्ये ठेवतात. रोज आत-बाहेर केल्याने थंड बियांना दमटपणा धरतो, शिवाय कांद्या-मटणाचा वास लागतो. कॉफी जास्तच आली असेल, तर आठवड्यापुरत्या हवाबंद पुड्या करून फ्रीजरमध्ये ठेवाव्यात. बाहेर काढलेल्या पुडीचा गारवा पूर्ण गेल्यावरच ती उघडावी आणि पुन्हा आत ठेवू नये.

दळलेली कॉफी बियांपेक्षा लवकर शिळी होते, म्हणून लागेल तेवढीच दळावी. आम्ही पाकिटावरची भाजल्याची तारीख पाहतो आणि दोन-तीन आठवड्यांत संपेल इतकीच कॉफी आणतो. पावसाळ्यात तर त्याहूनही कमी. थोडी आणली, तर पाहुण्यांपुढे ठेवलेला शेवटचा कपही पहिल्यासारखाच दरवळतो.