आकृती पाठ, ऋतू मात्र कळेना

पाठ्यपुस्तकातली ऋतूंची आकृती आठवतेय? मध्ये सूर्य, भोवती अंड्यासारखी लांबट कक्षा. ती पाहून वाकोल्यातला सातवीचा मुलगा म्हणणारच, पृथ्वी सूर्याजवळ आली की उन्हाळा. प्रत्यक्षात ती सर्वांत जवळ, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, असते जानेवारीच्या सुरुवातीला. म्हणजे ऐन थंडीत (मुंबईत पडते तेवढ्या). कक्षा जवळजवळ गोलच आहे. १० सेंटिमीटरची काढली, तर लांबी-रुंदीतला फरक केसाच्या जाडीहूनही कमी भरेल. आकृती चुकीची नसते, ती तिरकस कोनातून काढलेली असते. तेवढंच सांगायचं राहून जातं. ऋतू होतात ते अक्ष २३.५ अंशांनी कललेला असल्यामुळे.

मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या शमीन पडळकर आणि जयश्री रामदास यांनी खगोलशास्त्र शिकवताना आकृतीला प्रतिकृती आणि हातवाऱ्यांची जोड देऊन पाहिली. त्याला खर्चही फारसा नाही. अडचण परीक्षेची आहे. 'सुबक, नामनिर्देशित आकृती' पाठ असली की गुण मिळतात. त्यापेक्षा असं विचारा: मेच्या मध्यात, भर दुपारी वाकोल्यात काही क्षण खांबाची सावली पडत नाही. का, ते आकृती काढून दाखवा.