किरणोपचाराच्या एआय प्रणाली : आधी चाचणी, मग खरेदी

प्रति,
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : रेडिओथेरपी प्लॅनिंगच्या एआय सॉफ्टवेअरची खरेदीपूर्व तपासणी बंधनकारक करणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे डॉक्टर, वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ व तंत्रज्ञ रोज प्लॅनिंगच्या कामात असतो. तोंडाच्या कर्करोगाच्या एका रुग्णासाठी गाठ, मज्जारज्जू, लाळग्रंथी, जबडा यांच्या रेषा सीटीच्या स्लाइसमागून स्लाइस हाताने आखण्यात काही तास जातात. हे काम मिनिटांत करणारे सॉफ्टवेअर आम्हाला हवेच आहे; बाहेरची रांग आम्हीही पाहतो.

आमची हरकत निवडीच्या पद्धतीला आहे. विक्रेते पुढे करतात तो 'डाइस' गुणांक. संगणकाची व डॉक्टरांची आखणी कितपत जुळते, एवढेच तो सांगतो; १ म्हणजे तंतोतंत. चूक कुठे झाली, हे त्याला कळत नाही. लाळग्रंथीची रेषा गाठीपासून दूरच्या कडेला चुकली तर फारसे बिघडत नाही. तेवढीच चूक गाठीच्या बाजूला झाली, तर रुग्णाचे तोंड कायमचे कोरडे पडू शकते. गुणांक दोन्ही वेळा तोच!

शिवाय आमचे बरेच रुग्ण तंबाखू-गुटख्याचे, शस्त्रक्रिया होऊन आलेले. कोणाचा अर्धा जबडा काढलेला, कोणाच्या गालात छातीचे मांस शिवलेले. असे स्कॅन प्रणालीला शिकवताना वापरले होते का, हे विक्रेत्याने लेखी द्यावे.

म्हणून मागणी अशी, की खरेदीपूर्वी प्रत्येक प्रणाली त्याच रुग्णालयाच्या, ओळख काढलेल्या जुन्या स्कॅनवर चालवावी. त्यांत शस्त्रक्रिया झालेले रुग्ण असावेतच. प्रणालीच्या न सुधारलेल्या रेषांवर केलेला प्लॅन डॉक्टरांच्या रेषांवर तपासून डोसमध्ये किती फरक पडतो ते मोजावे आणि दुरुस्तीला लागलेला वेळही नोंदवावा. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की त्याच स्कॅनवर फेरतपासणी व्हावी. केंद्रीय परवाना असला, तरी ही स्थानिक चाचणी टळू नये. ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्यसेवा-मूल्यमापन संस्थेनेही २०२३ मध्ये अशा प्रणालींना मुभा देताना प्रत्येक आखणी तज्ज्ञाने तपासण्याची अट ठेवली. तपासणारी पदे 'आता यंत्र आहे' म्हणून कमी करू नयेत, हेही येथेच नमूद करतो.

निविदेचा मसुदा ठरण्यापूर्वी चर्चेसाठी वेळ द्यावी. तपासणीचा नमुना तक्ता आम्ही सोबत आणू.

आपले विश्वासू,
(सह्या)