बातमी आणि वाणी

गेल्या पंधरवड्यांत रात्रीच्या जेवणाच्या वेळीं आमच्या नातीनें सांगितलें कीं, पदवी घेतल्यावर आपणांस दूरचित्रवाणीवर बातम्या सांगावयाच्या आहेत, आणि त्याही परदेशांतील एखाद्या वाहिनीवर. पंक्तींत क्षणभर कोणी बोललें नाहीं. सर्वांनीं आमच्याकडे पाहिलें; कारण उच्चार हा आमचा जन्माचा विषय. आम्ही ‘पाहूं’ एवढेंच म्हणून पानावरून उठलों. तें ‘पाहूं’ म्हणजे नकारच, हें तिनें ओळखलें.

वास्तविक या कामाची वाट आपल्याच शहराच्या लेकीनें पूर्वीं चालून दाखविली आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबईचें दूरदर्शन सुरू झालें, आणि त्या आरंभींच्या काळांतच पुण्यांत जन्मलेल्या व वाढलेल्या स्मिता पाटील तेथें मराठी बातम्या सांगूं लागल्या. वय विशीच्या आंतलें. त्यांस तेथें पाहूनच श्याम बेनेगल यांनीं चित्रपटांत बोलाविलें. पुढें ‘भूमिका’ व ‘चक्र’ यांसाठीं राष्ट्रीय पुरस्कार आणि १९८५ सालीं पद्मश्री मिळाली. १९८६ च्या डिसेंबरांत त्या गेल्या, तेव्हां वय अवघें ३१ होतें. त्यांची कीर्ति अभिनयाची खरी. परंतु अनेक घरांस त्यांची पहिली ओळख झाली ती बातम्यांमुळें.

त्या काळचें लंडन तरी पुढें होतें काय? बी. बी. सी.नें १९६० सालीं नॅन विंटन या बाईंस राष्ट्रीय बातम्या वाचावयास बसविलें. स्त्रीनें रात्रीच्या बातम्या वाचाव्या हें प्रेक्षकांस रुचत नाहीं, असें ठरवून थोड्याच काळांत त्यांस दूर करण्यांत आलें. त्या संस्थेंत तें काम नियमितपणें एका स्त्रीकडे, अँजेला रिपन यांजकडे, यावयास १९७५ साल उजाडलें.

त्या प्रेक्षकांस दोष द्यावयास निघालों आणि लेखणी थांबली. शाळेंत असतां वार्षिक समारंभांत अहवाल वाचण्यासाठीं आम्ही प्रतिवर्षीं मुलगाच निवडीत असूं. ‘ष’ आणि ‘ण’ स्वच्छ उच्चारणाऱ्या मुली समोरच बसत. त्यांच्या वांट्यास स्वागतगीत येई. कानाच्या संवयीलाच आम्हीं योग्यता मानलें होतें.

पाणिनीय शिक्षेंत अधम पाठकाचीं लक्षणें दिलीं आहेत: गाऊन म्हणणारा, घाई करणारा, मान हालविणारा, अर्थ न जाणतां वाचणारा. हीं लक्षणें आम्हीं वर्षानुवर्षें फळ्यावर लिहिलीं. स्त्री असणें हें त्यांत कोठेंही नाहीं. बातमी सांगणारानें आपला हर्षशोक बाजूस ठेवून दुसऱ्याचें वाक्य अर्थासह ऐकणारापर्यंत पोंचवावें, एवढीच अपेक्षा. आणि ती अभ्यासानें साधते.

आज सकाळीं आम्हीं वर्तमानपत्राचें पहिलें पान नातीच्या हातीं दिलें व मोठ्यानें वाचावयास सांगितलें. तिनें घाई केली, दोन ठिकाणीं ‘श’ आणि ‘ष’ एक केले. आम्हीं तिला थांबविलें, पुन्हां वाचावयास लावलें. उद्यांही लावूं. ‘पाहूं’ हा शब्द मात्र आम्हीं परत घेतला आहे.