सगळं खैरियत आहे!

पाऊस जोराचा लागला की आमच्या कल्याणच्या घरी कुवेतहून भाईजानचा फोन येतोच. २७ जुलै २०१९ लाही आला. उल्हास नदीच्या पुरामुळे वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती. हजाराच्या आसपास प्रवाशांना बाहेर काढण्याचे काम चालू होते. इकडे खाडीलगतच्या आमच्या जुन्या घरात गुडघाभर पाणी होते. अम्मीला शेजाऱ्यांच्या माडीवर नेले होते. आणि मी फोनवर म्हणाले, "सगळं खैरियत आहे, तुम्ही फिकीर करू नका."

संध्याकाळी चुलतभावाने त्यांना घराचा व्हिडिओ पाठवला. भाईजान रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "आता तू खैरियत म्हणालीस तरी मला झोप लागायची नाही."

पुढे एका पावसाळ्यात त्यांना कुणीतरी महालक्ष्मीचाच जुना व्हिडिओ 'आज सकाळचा' म्हणून पाठवला. मी जुना आहे म्हणत राहिले, त्यांना पटेना. माझा शब्द मीच स्वस्त केला होता.

अफवा पसरवणाऱ्यांना आपण नावे ठेवतो, ते योग्यच. २००५ च्या २६ जुलैच्या प्रलयानंतर जुहूच्या नेहरूनगरात पाण्याचा लोंढा येतोय अशी आवई उठली आणि चेंगराचेंगरीत माणसे गेली. 'धरणातून पाणी सोडले' आणि 'धरण फुटले' यांत फरक एका क्रियापदाचा, पण त्याने जीव जातो. मात्र अफवेला जागा आपणच करून देतो, मायेपोटी खरे लपवून. सूरह हुजुरातमध्ये आलेल्या बातमीची शहानिशा करायला सांगितले आहे. ते आपण दुसऱ्याच्या बातमीला लावतो. स्वतः पाठवलेल्या बातमीला कधी लावणार?

परदेशातल्या भावाला काळजीपासून वाचवणे आपल्या हातात नाही. त्याला खरे सांगणे आहे. म्हणून आता मी वेळ, जागा, पाणी किती, अम्मी कुठे आणि भरती कधी, एवढेच कळवते. भरतीच्या वेळी खाडीत पाणी ओसरत नाही, हे कल्याणमध्ये वाढलेल्या भाईजानना सांगावे लागत नाही.

मागच्या खेपेला लिहिले : 'सकाळचे ११. गल्लीत घोटाभर पाणी, घरात नाही. अम्मी माझ्याकडे, नाश्ता झाला. भरती दीडला. तीनला पुन्हा कळवते.'

उत्तर आले : 'ठीक.' त्या दिवशी त्यांनी दुसऱ्या कुणालाही फोन केला नाही.