१५ ऑगस्टच्या ग्रामसभेपर्यंत उत्तर द्या

वाशिम जिल्ह्यात बटणांचे फोर-जी फोन विकणाऱ्या जिओ कंपनीला आणि याच जिल्ह्यात शेतकऱ्याला प्रत्येक कामासाठी ॲप उघडायला लावणाऱ्या प्रशासनाला हा जाहीर इशारा आहे.

२१ जुलै २०१७ रोजी मुकेश अंबानींनी जिओफोन जाहीर केला. किंमत शून्य, अनामत १५०० रुपये, आणि ती तीन वर्षांनी फोन परत केला तर मिळणार. कंपनीच्याच सांगण्याप्रमाणे असे १० कोटींहून जास्त फोन देशात गेले. या सगळ्यांत कंपनीने ठरवलेली एकच प्रणाली होती, कायओएस. मोझिलाने सोडून दिलेल्या फायरफॉक्स ओएसच्या पायावर ती उभी केलेली होती. सिमही फक्त जिओचेच चालायचे. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲप, फेसबुक, यूट्यूब येणार अशी घोषणा झाली आणि सप्टेंबरात व्हॉट्सॲप आलेही.

पुढे कंपनीची वाट बदलली. २०२१ च्या दिवाळीत गूगलच्या साथीने अँड्रॉइडवरचा जिओफोन नेक्स्ट आला, २०२३ च्या जुलैत ९९९ रुपयांचा जिओ भारत आला आणि त्यात तिसरीच प्रणाली निघाली. कायओएसचे एखाददुसरे मॉडेल नंतरही बाजारात आले, पण २५ जून २०२४ पासून त्या प्रणालीवर व्हॉट्सॲप नव्याने घेता येईना आणि २०२५ च्या सुरुवातीला ज्यांच्याकडे होते त्यांचेही बंद झाले.

हा निर्णय व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीचा, मेटाचा होता, असे उत्तर येईल. होता. पण व्हॉट्सॲपचे नाव घेऊन फोन विकला कुणी? कोट्यवधी माणसांसाठी एकच प्रणाली निवडली कुणी? घेणाऱ्याला ना प्रणाली निवडता आली, ना सिम बदलता आले. ज्याने निवडीचा हक्क स्वतःकडे ठेवला, त्यानेच तिच्या परिणामाची जबाबदारी घेतली पाहिजे.

वाशिम हा नीती आयोगाच्या यादीतला आकांक्षित जिल्हा आहे. इथे गावातले निरोप, बचत गटाच्या बैठका, रेशन आल्याची खबर, सगळे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चालते. मानोऱ्याच्या तांड्यावर किंवा रिसोडच्या एखाद्या खेड्यात घरात एकच फोन असेल आणि तोच मुका झाला, तर त्या घरापर्यंत सरकार पोचतच नाही.

आणि सरकारने काय केले? १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू केली, अँड्रॉइड ॲपवर. वावरात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा, तेव्हा सातबारावर पेरा चढणार. बटणांच्या फोनवर ते ॲप चालतच नाही. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनचे हेक्टरी ५००० रुपयांचे अनुदान याच नोंदीवर अडले. शेतकऱ्यांनी ओरड केली तेव्हा कुठे तलाठ्याकडची नोंद मान्य झाली. ओरड केल्यावर जे जमते, ते आधीच का जमू नये? दुसऱ्याच्या फोनवरून नोंद करा म्हणतात, सहाय्यकही नेमले आहेत. पण ज्याचे पीक, त्याची नोंद दुसऱ्याच्या सवडीवर का? पीकविम्यात २०२५ च्या खरिपाआधी नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागत असे. तिथे निदान १४४४७ हा क्रमांक साध्या फोनवरून लागतो. मग पीक पाहणीला अशी सोय का नाही?

आमच्या मागण्या मोजक्या आहेत आणि त्यात घासाघीस होणार नाही. फोनच्या खोक्यावर मराठीत छापा की त्यातली प्रणाली आणि तिच्यावर विकलेली ॲप कोणत्या तारखेपर्यंत चालतील. ती तारीख पाळता येत नसेल, तर त्या दिवशी सिमचे कुलूप काढा किंवा फोन बदलून द्या. आणि जिल्हाधिकाऱ्यांनी लेखी आदेश काढावा की अँड्रॉइड फोन नाही एवढ्या कारणावरून वाशिम जिल्ह्यातल्या एकाही शेतकऱ्याची नोंद, अनुदान किंवा शेतमालाची खरेदी अडणार नाही.

मुदत येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपर्यंत. तोवर लेखी उत्तर आले नाही, तर सहाही तालुक्यांतल्या ग्रामसभांत ठराव मांडले जातील. व्हॉट्सॲप बंद पडलेले फोन घेऊन आम्ही जिल्हाधिकारी कार्यालयासमोर बसू. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३५ प्रमाणे, सारखीच तक्रार असलेल्या सगळ्यांच्या वतीने जिल्हा ग्राहक आयोगात एकच दावा दाखल होईल. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी लागत नाही. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते, आणि २०२५ च्या सुरुवातीला जे बंद झाले त्याची मुदत २०२७ च्या सुरुवातीला संपते.

म्हणून ज्यांच्या घरी असा फोन आहे, त्यांनी तो भंगारात देऊ नये. अनामतीची पावती शोधून ठेवावी. सापडली नाही, तर फोनवर *#०६# दाबून येणारा पंधरा आकडी क्रमांक वहीत उतरवून ग्रामसभेला येताना सोबत आणावा.